उतरलेल्या सेलवरचं गाणं

पेण, इस्रायल आळी
१४ मार्च १९९३

नाओमी,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी ज्या कामासाठी कागद घेतलाय ते उरकते. तुझ्या बापाचं पत्र आलं. लिहितो, आई, पोरीने कॉलेज सोडलं, दोन गोऱ्या पोरांबरोबर गाण्याचा बँड काढला, माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल, तिला चार शब्द सुनाव. तर घे. मूर्ख. हट्टी. बापावर गेलेली. मोज, चारच आहेत. मायकलचं काम झालं.

आता माझं. तू बारा वर्षांची इथून बापाकडे विलायतेला गेलीस त्याला सात वर्षं होतील. दर सणाला मी कार्ड टाकते, तुझी उलट एक ओळ नाही. आणि गेल्या महिन्यात पोस्टमन कॅसेट देऊन गेला. सोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. वर तीन तोंडं, मधलं तुझं. केस कोणी कापले गो? वस्तरा चालवलाय का विळी? समोरच्या गणपतीवाल्या कान्हूने बँडचं नाव वाचून दाखवलं, कोल्ड केटल्स. म्हणजे थंड किटल्या. ज्यांच्या घरी किटलीच थंड, तिथे पाहुणा थांबेल कशाला?

तरी ऐकली. तुझ्या बापाने दिलेला टेपरेकॉर्डर अजून आहे. त्याची वायर उंदराने खाल्ली, म्हणून चार जाडे सेल घालून वाजवते. पहिलं गाणं म्हणजे जिते स्टेशनात मालगाडीचे डबे जोडतात तसं. दुसरं, तेच डबे सोडवतात तसं. आणि तू वरून किंचाळतेस. बायजाबाई बसली होती. मिठागरात जाणारी, तुला खांद्यावर घेऊन आळीभर फिरायची ती. म्हणाली, "हिला कोन मारतंय गो?" मी म्हटलं, "कोणी नाय. तीच मारतेय."

पण दोन्ही बाजू ऐकल्या. सहा वर्षांची असताना तुला मी खेळायला सोडलं नाही की तू तेलाच्या डब्यावर झाकण आपटायचीस. तासभर. हात सुजायचे पण थांबायची नाहीस. हा आवाज तोच आहे. ज्या पोरीचं तेरा वर्षं झाली तरी झाकण थांबलं नाही, तिला कॉलेजात कोंडून काय होणार?

म्हणून मी मायकलला असं कळवलंय. पोरीला १९९५ च्या नव्याच्या सणापर्यंत, आपलं वर्ष सुरू होतं तिथपर्यंत, मोकळं सोड. तोवर कोणा अनोळखी माणसाच्या तोंडी यांचं गाणं आलं पाहिजे, आणि ते तू, मायकल, स्वतःच्या कानांनी ऐकलं पाहिजेस. ऐकलंस तर जन्मात कॉलेजचं नाव काढायचं नाही. नाही ऐकलंस तर गिटार माळ्यावर आणि पोरगी कॉलेजात. तो हो म्हणाला. तुझ्या वतीने मीच हो म्हटलं. तुला विचारलं नाही, कारण तू उत्तर देत नाहीस.

आशीर्वादाला जागा उरली नाही.

आजी


पेण
९ ऑक्टोबर १९९४

नाओमी,

दुसरी कॅसेट पोचली. या वेळी चिठ्ठी आहे, "आजी, ही नवी. ना." नाव पुरतं लिहायला शाई संपली होती का?

डबे आपटणं निम्मं कमी झालंय. तो केविन, ढोलवाला, आता मधेमधे श्वास घेतो. लांब केसांचा स्टुअर्ट अजून गिटार खाजवतो, त्याला खरूज असेल. पहिली दोन गाणी मी बसून ऐकली आणि उठून भात टाकला.

तिसरं लागलं आणि मी पळी हातात धरून तशीच उभी राहिले.

ते कुठून आणलंस? घाण्याच्या बैलाची चाल आहे ती. तुझे आजोबा आयझॅक घाणा चालवायचे तेव्हा तू जन्मली नव्हतीस, पण मी रात्रंदिवस तो करकरणारा आवाज ऐकत संसार केलाय. बैल एक पाऊल टाकतो, लाकूड रडतं, मग तेल सुटतं. नवा गडी आला की बैलाला पळवायचा. आजोबा ओरडायचे, "अरे, पळवलास तर पेंड उडेल, तेल नाय निघणार!" तुझ्या तिसऱ्या गाण्यात तेल निघालंय. आणि आवाज किती खाली नेलास! पुरुषासारखा. पोटातून येतो. आधी मला वाटलं दुसरंच कोणी गातंय.

बायजाबाईला चार वेळा ऐकवलं. आता ती मिठागरात फावडं ओढताना तेच गुणगुणते. इंग्रजीतला एक शब्द तिला येत नाही, नुसतं "हं हं हंऽ" करते, पण चाल बरोबर. तिच्या लायनीतल्या बाया विचारतात, कुठलं गो हे? सांगते, आमच्या नाओमीचं, विलायतेचं. म्हणजे अनोळखी तोंडं मिळाली, पण ती पेणच्या खाडीवर. तुझ्या बापाला तिथून ऐकू यायची नाहीत.

कान्हूला विचारलं, गाण्यात काय म्हटलंय? तो कॅसेटमधला कागद डोळ्यांशी धरून बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "बसबद्दल हाय कायतरी आजी. बस चुकल्याबद्दल." आणि रंग सुकतोय म्हणून पळाला.

रोज ऐकते. सेल उतरले की बायजाबाईच्या सुक्या मासळीशेजारी उन्हात घालते, परत आठ-पंधरा दिवस चालतात. टाकून देतात ते उधळे.

आजी


पेण
२२ जानेवारी १९९५

नाओमी,

पाच पानी पत्र! नऊ वर्षांत पहिलं, आणि ते कशासाठी, तर आजी चुकली हे सांगायला. मी तीनदा वाचलं. अक्षर सुधारलंय. बाकी काही नाही.

तू लिहितेस, कॅसेटवर असं संथ गाणं नाहीच, तिसरं गाणं सगळ्यात पळतं आहे, आणि तू त्यात सगळ्यात वरच्या सुरात गातेस. मला शिकवतेस? माझे कान अजून दोन घरं पलीकडे दूध उतू गेलेलं ऐकतात. पहिली बाजू, तिसरं गाणं, घाण्याचा बैल. तूच गायलीस आणि तूच विसरलीस, तर मी काय करू?

पण पुढचं आवडलं. म्हातारी इतकं म्हणते तर बघू म्हणून तुम्ही केविनच्या घरी ते हळू वाजवून पाहिलंत, तू खालच्या आवाजात गायलीस, आणि त्याची आई धुण्याचं टोपलं घेऊन येऊन दारात उभी राहिली, गाणं संपेपर्यंत हलली नाही. दोन वर्षांत ती माउली फक्त दार लावून घ्यायला यायची म्हणतेस. बघ. तिला कोणी शिकवलं नव्हतं.

स्टुअर्टने गिटारचा पट्टा फेकला आणि म्हणाला की हिंदुस्थानातल्या एका म्हातारीच्या सांगण्यावरून मी गाण्याचं मढं करणार नाही. त्याला माझा निरोप दे. म्हणावं, मढं पळत नाही हे खरं, पण मढ्याला खांदा द्यायला गाव जमतं. तुझ्या पळत्या गाण्याला कोण जमलंय?

आठ महिने राहिले. वेगात काही नाही, पण मुदतीत आहे.

आजी


पेण
१० मे १९९५

नाओमी,

सगळं ठीक. आंबा बरा आहे यंदा. सणाला नाही पण एका नात्यातल्या लग्नाला रोह्याला जाऊन आले, तिथल्या अष्टमी गावातल्या आपल्या मशिदीत, तुम्ही तिकडे सिनेगॉग म्हणता तिथे. आपली माणसं आता किती उरलीत ते सांगत नाही, बोटं दुखायची नाहीत मोजताना.

टेपरेकॉर्डर बरोबर नेला होता. का ते विचारू नको.

तू लिहिलंस की जुलैत ते गाणं नव्याने रेकॉर्ड करायचं ठरलंय, संथ, आणि कंपनी ते एकच गाणं घेणार, दुसरी संधी देणार नाही म्हणते. घाई करू नका. आणि दुसऱ्याच्या कानावर फार विसंबू नये. लोक काय, वाट्टेल ते सांगतात. म्हातारी माणसं तर विशेष.

कान्हूच्या बायकोला मुलगा झाला. पाय मोठे आहेत.

आजी


पेण
४ जून १९९५

नाओमी,

मागचं पत्र फाडून टाक. त्यात आंब्याखेरीज एक ओळ खरी नव्हती.

खरं असं. रोह्याच्या लग्नात तुझी कॅसेट मिरवावी म्हणून मी टेपरेकॉर्डर नेला. बायका जमवल्या, गप्प बसवल्या, तिसरं गाणं लावलं, आणि यंत्र गुरगुरून बंद. स्टेशन रोडला नाथाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे नेलं. त्याने मागचं झाकण काढलं आणि सेल हातात घेऊन माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या हातात मेलेलं मांजर दिलंय.

"आजी, ह्ये कधीचे?"

"चांगले आहेत. उन्हात घालते."

"उन्हात? आजी, ह्यांना उन्हात नाय, मातीत घालायचं."

त्याने नवे घातले. बटण दाबलं. आणि नाओमी, तुझं गाणं असं पळालं की शेपटीला डबा बांधलेलं कुत्रंच! आणि तू वर, चिमणीसारखी. मी म्हटलं, "यंत्र बिघडवलंस. हळू कर." तो म्हणाला, "हाच खरा स्पीड हाय आजी. सेल उतरले की मोटार हळू फिरते, आवाज जाडा येतो. तुमी इतके दिवस चुकीचंच ऐकलंत." दुकानात धाटावच्या कारखान्यातली शिफ्टची दोन पोरं पंखा घेऊन उभी होती. ती हसली. मी त्यांना असं बोलले की पंखा तिथेच ठेवून गेली, पण त्याने काय होतं?

येताना गाडीत पेणपर्यंत एकच विचार. तू बरोबर होतीस. तसं गाणं कॅसेटवर नव्हतंच. मी उतरलेल्या सेलवर हुकूम सोडला, आणि तू त्यावर सगळं लावलंस. तुझा बाप, कॉलेज, स्टुअर्टची भांडणं, सगळं. घरी येऊन आपल्या पैगंबराला, एलियाहू हन्नाबीला नवस बोलले, पोरीचं बरं कर, गोड पोह्यांचा मलिदा घालीन. मग तुला आंब्याचं पत्र लिहिलं, कारण चूक कबूल करायची मला सवय नाही. महिनाभर झोप नाही. आता लिहितेय.

तर ऐक. हे वाचून तुम्ही तिघं ठरवा. पळतं करायचं तर पळतं करा, मी उद्यापासून तेही ऐकीन. माझ्या चुकीवर घर बांधू नका. पण एक गोष्ट मी मागे घेणार नाही. सेल उतरले होते, माझे कान उतरले नव्हते. पळी हातात घेऊन मी उभी राहिले ती उभी राहिलेच. बायजाबाई गुणगुणली ती गुणगुणलीच. केविनच्या आईच्या घरात कोणते सेल होते?

हे पत्र जुलैच्या आत पोचावं म्हणून कान्हूला पनवेलला पाठवतेय.

आजी


पेण
१२ ऑक्टोबर १९९५

गो नाओमी,

तुझं पत्र आणि तुझ्या बापाचं पत्र एकाच दिवशी आलं. दोन्ही बायजाबाईला वाचून दाखवली, मग कान्हूला, मग कान्हूच्या कारखान्यात उरलेल्या गणपतींना. मग पोस्टमनला, त्याने आणलीत म्हणून.

तुझ्याकडून कळलं ते असं. माझी कबुली वाचून तुम्ही जमिनीवर लोळून हसलात. स्टुअर्ट उठून म्हणाला, बघा, मी म्हणत नव्हतो, पळतंच करू. केविनने त्याच्या लहान टेपरेकॉर्डरमध्ये मुद्दाम उतरलेले सेल घातले आणि तुमच्या सगळ्या जुन्या कॅसेटी तशा ऐकल्या. आणि रात्र संपायच्या आत स्टुअर्टच म्हणाला, ही आपलीच गाणी आहेत का? मग तू ठरवलंस, हळूच. माझ्या सांगण्यावरून नाही, तुझ्या कानाने. हे शेवटचं वाक्य तू दोनदा लिहिलंस. एकदा पुरलं असतं, पण असू दे.

आता लोकांना स्टुअर्ट सांगतो की कल्पना त्याची. सांगू दे. घाण्यावरचा बैलही समजतो तेल तोच काढतो.

आणि मायकलचं पत्र. ते पाठ झालंय. सणाआधीचा शुक्रवार. दोनच दिवस राहिलेले. त्याने तुझ्यासाठी कॉलेजचा फॉर्म आणून ठेवलेला, पेन लावून. तो काम करतो त्या बिस्किटाच्या फॅक्टरीत दुपारची शिफ्ट. एक नवा हमाल, लालबुंद म्हातारा, खोकी रचता रचता हं हं हंऽ करत होता. मायकल लिहितो, "आई, आधी वाटलं मला भास झाला. मी त्याच्या मागे मागे गेलो. तो रचायचा, मी उभा."

त्याने विचारलं, "काय गातोस रे?"

म्हातारा म्हणाला, "काय माहीत बाबा. रेडिओवर एक पोरगी गाते सकाळी. डोक्यातून जातच नाही मेली."

तुझा बाप, जो वडिलांच्या मयतीलाही रडला नाही, तो त्या खोक्यांमध्ये उभा राहून म्हणाला, "ती पोरगी माझी आहे." म्हातारा म्हणे हसला, "हो, आणि राणी माझी मावशी." मग मायकलने खिशातून तुझा फोटो काढून दाखवला. आता मला सांग, जो बाप अडीच वर्षं तुझ्याशी बोलत नव्हता, त्याच्या खिशात फोटो कुठून आला? हे मी त्याला विचारलेलं नाही. तूही विचारू नको. अशा वेळी माणसाला सोडून द्यावं.

त्या फॉर्मवर आता चहाचा कप ठेवतो, असं लिहितोय. चांगला जाड कागद असणार.

मी जिंकले. तूही जिंकलीस, पण अट माझी होती.

आजी


पेण
२ नोव्हेंबर १९९७

नाओमी,

तिसरी कॅसेट आणि त्याबरोबर विलायती सेलांचं खोकं पोचलं. अर्धे बायजाबाईच्या बॅटरीला दिले, पहाटे खाडीवर जाताना लागते. रोह्याच्या नाथालाही दोन पाठवले, नुसते बघायला.

तुझ्या सांगण्याप्रमाणे आधी नव्या सेलवर ऐकली, मग उतरलेल्यावर. निकाल असा. व्हायोलिनं घेतलीत ती सात आहेत, चार पुरली असती. आता तुम्ही मोठे झालात, मोठ्या हॉलात वाजवता, छापून येतं, कान्हू कात्रणं भिंतीला लावतो, ते सगळं दिसतंय गाण्यात. अंगाला अत्तर लागलंय. दुसऱ्या गाण्यात मात्र स्टुअर्टने एकच तार छेडून ती विझेपर्यंत हात बाजूला ठेवलाय. खरूज बरी झाली. आणि शेवटच्या गाण्यात मधेच तू पुन्हा झाकण आपटलंस, जुन्यासारखं. ते ठेव. संथपणाचीही सवय लागते, मग बैल झोपतो. पाचवं गाणं जरा पळवून बघा. व्हय, मीच म्हणतेय.

आता तू ज्याचं उत्तर मागितलंस ते.

तू त्या तिसऱ्या गाण्याचे शब्द मराठीत लिहून पाठवलेस. बस चुकली नव्हती म्हणायची. बस मिळाली होती, पोरगी खिडकीत बसली होती, आणि जिने वाढवलं ती स्टँडवर आलीच नाही, हात हलवला नाही. कान्हूने मला का सांगितलं नाही ते आता कळलं. तीन वर्षं मी पळी धरून स्वतःचीच लाज ऐकत होते, आणि वर म्हणत होते, वा, तेल निघालंय.

तुला मी म्हटलं होतं, जा, तुला वाढवून मी दमले. म्हटलं होतं, स्टँडवर येणार नाही, भाताचं आधण ठेवलंय. आधण नव्हतं. मी स्टँडवर होते. रसाच्या गुऱ्हाळामागे. तुझ्या वेणीला हिरवी रिबीन होती, एका बाजूची सुटलेली. तू खिडकीतून पार बाहेर वाकून आळीच्या रस्त्याकडे बघत होतीस आणि कंडक्टर ओरडत होता. मी हात हलवला असता तर तू उतरली असतीस. मी ओळखते तुला, चालत्या गाडीतून उडी मारली असतीस. मग आज कोणत्या रेडिओवर असतीस? बायजाबाईबरोबर फावडं ओढलं असतंस, नाहीतर कान्हूच्या गणपतींना सोंडा लावल्या असत्यास. वाईट नाही ते काम. पण झाकण कोणी वाजवलं असतं?

म्हणून नाही हलवला. आज परत ती वेळ आली तर परत नाही हलवणार. चुकले ते एवढंच, की दमले म्हटलं. दमले नव्हते.

झालं. हे पुन्हा काढायचं नाही.

डिसेंबरात तिघं येताय ते बरं करताय. मलिद्याचा नवस राहिलाय, पोहे-गूळ-खोबरं भरून ठेवते, पाच फळांपैकी दोन कान्हू आणील. एलियाहू हन्नाबीसमोर सगळ्यांनी डोकं झाकायचं, स्टुअर्टने केससुद्धा. केविनला म्हणावं, ताट वाजवायचं नाही. बायजाबाईने मिठागरातल्या बायांना सांगून ठेवलंय, त्या तुला बघायला येणार आहेत, आणि गाणं तुझ्याकडून ऐकायला नाही, तुला म्हणून दाखवायला. त्यांच्या चालीने. तयारी ठेव, त्या तुमच्यापेक्षाही हळू म्हणतात.

पनवेलहून दुपारची बस पकड. या वेळी मी स्टँडवर येईन, गुऱ्हाळाच्या पुढे उभी राहीन. हात हलवायची आशा धरू नकोस, माझ्या हातात भाजीची पिशवी असेल. तूच हलव. आणि बस थांबल्यावर उतर, आधी नाही.

पहिल्या पत्रापासून जो राहिलाय तो घे. आशीर्वाद.

आजी